कळंगुट आधी की कवळे?

गोव्यातल्या गावांची एक यादी करा, मराठीत, देवनागरीत. त्यात कवळे आणि कळंगुट ही दोन नावे असू द्या. सावर्डे आणि साळगावही असू द्या. आता ही यादी अकारविल्हे लावा. मुळाक्षरे गिरवलेला कुणीही माणूस कवळे आधी आणि कळंगुट नंतर लिहील, सावर्डे आधी आणि साळगाव नंतर. कारण आपल्या वर्णमालेत ळ येतो तो थेट शेवटी, ह झाल्यावर, क्ष आणि ज्ञ यांच्या शेजारी. हीच यादी पायथन या संगणकभाषेला द्या आणि तिच्यातल्या आयत्या सोयीने लावून मागा. कळंगुट वर जाईल, कवळे खाली येईल. साळगाव वर, सावर्डे खाली.

यात संगणक चुकला असे म्हणता येत नाही. त्याला जसे सांगून ठेवले आहे तसे तो करतो. प्रश्न असा की सांगून कोणी ठेवले, आणि ते सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होते?

मी कला शाखेची, पोटापाण्यासाठी सरकारी कारकून. पण याद्या, रकाने आणि बेरजा यांतच माझे आयुष्य चालले आहे, त्यामुळे या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो. आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न यंत्राचा कमी आणि भाषेचा जास्त आहे. म्हणून तो इथे मांडते.

संगणकभाषा म्हणजे यंत्राला कामे सांगण्याची लेखी पद्धत. प्रत्येक भाषेबरोबर काही कामे आयती करून मिळतात: लांबी मोजणे, यादी लावणे, तुकडे जोडणे, आकडा पूर्णांकात आणणे. त्यांना फंक्शन म्हणतात. तेच काम एखाद्या वस्तूच्या अंगचे म्हणून दिले असेल तर त्याला मेथड म्हणतात. नवे घर घेतले की नळ, विजेची बटणे, दारांच्या कड्या आधीच बसवलेल्या असतात, तसे हे. बटण कुठल्या उंचीवर असावे हे ज्याने बसवले त्याने ठरवले. आपण फक्त हात वर करतो.

पायथनचे उदाहरण घेऊ. नेदरलँडमधील गिडो व्हॅन रोसम यांनी ती केली आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवली. आपल्याकडे अनेक मुले अकरावी-बारावीत हीच भाषा शिकतात. शिकणाऱ्या प्रत्येकाला पडणारा एक प्रश्न आहे. यादीच्या शेवटी नाव जोडायचे तर लिहावे लागते यादी.अपेंड(नाव), म्हणजे आधी यादी आणि मग काम. पण यादीत किती नावे आहेत हे विचारायचे तर लिहायचे लेन(यादी), म्हणजे आधी काम आणि मग यादी. एकाच घरात दोन रीती कशा? यादी.लेन() का नाही?

याचे उत्तर गिडो यांनी दिलेले आहे. काही कामे गणितातल्या खुणेसारखी असतात, त्यांचे नाव आधी आलेले वाचायला बरे पडते. शिवाय लेन हा शब्द सुरुवातीलाच दिसला की दोन गोष्टी कळतात: उत्तर एक पूर्ण संख्या असणार, आणि ज्याची लांबी विचारली आहे तो कसला तरी संग्रह असणार. लांबी मोजणे हे कुणा एका वस्तूचे खासगी काम नाही, सगळ्या संग्रहांना लागू पडणारा तो एकच प्रश्न आहे, म्हणून तो एकाच शब्दाने विचारावा. हे कारण तुम्हाला पटो न पटो, ते सांगितलेले आहे, आणि भाषेच्या दस्तऐवजात कुणालाही वाचायला मिळते. मला हे फार मोलाचे वाटते.

दुसरे उदाहरण तर व्याकरणाच्या तासाला शोभेल असे आहे. पायथनमध्ये यादी लावण्याच्या दोन सोयी आहेत. यादी.सॉर्ट() म्हटले की तीच यादी जागच्या जागी लागते, आणि उत्तरादाखल तुमच्या हातात काहीही येत नाही. सॉर्टेड(यादी) म्हटले की मूळ यादी तशीच राहते आणि लावलेली एक नवी यादी हातात येते. पहिली सोय जुनी, दुसरी २००४ साली २.४ या आवृत्तीत आली. नावे पाहा. सॉर्ट म्हणजे आज्ञा: 'लाव'. सॉर्टेड म्हणजे धातुसाधित विशेषण: 'लावलेली'. 'यादी लाव' आणि 'लावलेली यादी' यांत आपण मराठीत जो फरक करतो तोच तिथे नावात आणला आहे.

पण पहिल्या सोयीने हातात काहीच का देऊ नये? लावलेली यादी परत दिली असती तर काय बिघडले असते? बिघडले असते ते असे. हातात कागद आला की माणूस समजतो ही प्रत आहे, मूळ फाईल कपाटात सुरक्षित आहे. प्रत्यक्षात मूळ फाईलच उलटीसुलटी झालेली असते. तो गैरसमज होऊ नये म्हणून मुद्दाम काही द्यायचे नाही असे ठरले. शिपायाला कपाटातल्या फाइली क्रमाने लावायला सांगितले तर तो लावून निघून जातो, दुसरा गठ्ठा आणून टेबलावर ठेवत नाही. रिकामा हात हीच तिथे सूचना आहे. नवख्याला हे अडते, पण अडते तेव्हाच त्याला कळते की मूळ यादी बदलली.

हे झाले विचार करून घेतलेले निर्णय. सगळीकडे असे नसते. रास्मस लेर्डॉर्फ यांनी स्वतःच्या वेबपानांसाठी केलेल्या काही सोयी १९९५ साली लोकांपुढे ठेवल्या, त्यांतून पीएचपी ही भाषा वाढत गेली. तिच्यात शोधण्याची दोन फंक्शने आहेत आणि त्यांच्या दस्तऐवजात 'गवताची गंजी' आणि 'सुई' हेच शब्द वापरलेले आहेत. मजकुरात शब्द शोधायचा तर आधी गंजी सांगायची, मग सुई. यादीत वस्तू शोधायची तर आधी सुई, मग गंजी. वर्षानुवर्षे ही भाषा लिहिणारी माणसेसुद्धा कुठे काय आधी हे पुन्हा पुन्हा पुस्तकात बघतात. मजकुरात शोधणाऱ्या फंक्शनची आणखी एक खोड आहे. शब्द सापडला तर तो कितव्या जागी आहे ते सांगते आणि मोजणी शून्यापासून करते. म्हणजे शब्द अगदी सुरुवातीलाच असेल तर उत्तर शून्य. घाईत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये शून्य आणि 'नाही' एकच समजले जाते. मग 'गोवा मुक्ती' या मजकुरात 'गोवा' सापडत नाही! 'आहे की नाही' एवढेच सरळ सांगणारे फंक्शन त्या भाषेत २०२० साली आले, पंचवीस वर्षांनी.

जावास्क्रिप्टचेही तसेच. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला, हे सर्वश्रुत आहे. आज जगातली बहुतेक वेबपाने तिच्यावर चालतात. तिच्या सॉर्टला काहीही विशेष न सांगता १, ९ आणि १० हे आकडे लावायला द्या. उत्तर येते १, १०, ९. कारण वेगळे काही सांगितले नाही तर ती आकड्यांनाही मजकूर समजते, आणि मजकूर म्हणून पाहिले तर १ हे चिन्ह ९ च्या आधी. यादीत काहीही असू शकते आणि कशाचाही मजकूर करता येतो, म्हणून ही सर्वांना चालणारी वाट धरली गेली. सर्वांना चालणारी वाट शेवटी आकड्यांच्याच उपयोगाची राहिली नाही.

मग ते सुधारत का नाहीत? कारण एकदा दिलेली सोय काढून घेता येत नाही. त्या चुकीच्या क्रमावर अवलंबून असलेली असंख्य पाने आज जगात चालू आहेत. २०१८ साली जावास्क्रिप्टमध्ये यादीच्या आतल्या याद्या मोकळ्या करणारी 'फ्लॅटन' नावाची मेथड आणायची होती. पण मूटूल्स नावाच्या एका जुन्या संग्रहाने तेच नाव आधी वापरले होते, आणि नवी मेथड आली असती तर काही जुनी पाने मोडली असती. शेवटी मेथडचे नाव बदलून नुसते 'फ्लॅट' केले आणि २०१९ च्या मानकात ते आले. पायथनने उलट धाडस केले. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत प्रिंटसारख्या रोजच्या गोष्टीचीही लिहिण्याची रीत बदलली. जुन्या आवृत्तीला निरोप द्यायला १ जानेवारी २०२० उजाडावा लागला. म्हणजे अकरा वर्षे दोन रीती शेजारी शेजारी नांदल्या. ग्रामपंचायतीने रस्त्याचे नाव बदलले तरी लोक वीस वर्षे जुनेच नाव सांगतात, त्यातलाच प्रकार.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे प्रोग्रॅमरांचे घरगुती भांडण, आपल्याला काय त्याचे? म्हणून आता पैशांकडे येते.

अडीच रुपये पूर्ण रुपयांत किती? आपण शाळेत शिकलो: तीन. अर्धा किंवा जास्त असेल तर वर न्यायचा. कायदाही हेच सांगतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ याच्या कलम १७० नुसार कराच्या रकमेत पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर पूर्ण रुपया धरायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. आता पायथनच्या आजच्या आवृत्तीला राउंड(२.५) विचारा. उत्तर येते २. राउंड(३.५) विचारा. उत्तर येते ४. बरोबर अर्ध्यावर आले की ती जवळच्या सम संख्येकडे जाते.

हा वेडेपणा नाही. पन्नास पैसे, दीड रुपया, अडीच रुपये आणि साडेतीन रुपये या चार रकमांची खरी बेरीज आठ रुपये. शाळेच्या रीतीने प्रत्येक रक्कम वर नेली तर १, २, ३, ४ मिळून दहा होतात. समसंख्येच्या रीतीने ०, २, २, ४ मिळून आठच राहतात. हजारो मोजमापांचा हिशेब करणाऱ्या शास्त्रज्ञाला नेहमी वरच ढकलणारी रीत परवडत नाही, म्हणून आकडेमोडीच्या आंतरराष्ट्रीय मानकातही समसंख्येची रीतच मूळ धरली आहे. दोन्ही रीती आपापल्या घरी योग्य आहेत. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत राउंड शाळेच्या रीतीने चालत असे, तिसरीपासून ते बदलले. एक्सेलच्या चौकटीत राउंड केले तर अडीचचे तीन होतात. त्याच एक्सेलच्या पोटात मॅक्रो लिहायला जी व्हीबीए भाषा आहे, तिचा राउंड दोन सांगतो. नाव एक, कंपनी एक, उत्तरे दोन. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कायदा वाचलेला नसेल आणि कायदा जाणणाऱ्याने राउंड तपासलेला नसेल, तर बिलातला एक रुपया कुठे गेला हे कुणालाच सांगता येणार नाही. तो रुपया कुणी खाल्लेला नसतो. त्याच्याबद्दल ॲमस्टरडॅमला किंवा अमेरिकेत कुणीतरी आधीच ठरवलेले असते.

आता भाषेकडे. 'गोवा' या शब्दाची लांबी किती? तुम्ही म्हणाल दोन अक्षरे. ॲपलने २०१४ साली आणलेली स्विफ्ट ही भाषाही आज दोनच सांगते. पायथन म्हणते चार, कारण ती ग, ओकाराची मात्रा, व आणि काना अशा चार खुणा मोजते. गूगलची गो नावाची भाषा म्हणते बारा, कारण ती साठवणुकीचे बाइट मोजते, आणि आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. तिघींची उत्तरे खरी आहेत. प्रश्न मात्र तीन वेगवेगळे होते, आणि तिघींनीही त्याला लांबी किंवा मोजणी असेच म्हटले. गो भाषेला उत्तर झटकन देता येते. स्विफ्टला सगळा मजकूर चालत जाऊन मोजावा लागतो, त्याला वेळ लागतो. कुणाला वेग हवा होता, कुणाला माणसाच्या डोळ्याला दिसते ते.

रोमन लिपीत हा फरक जाणवतच नाही. तिथे अक्षर, खूण आणि बाइट एकच. म्हणूनच इतकी वर्षे कुणाला प्रश्न पडला नाही. आपल्याला पडतो. 'शांतादुर्गा' हे नाव घ्या, आपल्याकडे घरोघरी असणारे. रोमन स्पेलिंगमध्ये ११ अक्षरे, ११ बाइट. देवनागरीत आपल्या डोळ्यांना अक्षरे दिसतात चार, खुणा होतात ११ आणि बाइट होतात ३३. नावाचा रकाना कुणी ३० बाइटांचा ठेवला तर रोमनमधली शांतादुर्गा त्यात दोनदा मावून वर आठ जागा उरतात. देवनागरीतली एकदाही मावत नाही. शेवटचा काना गळून पडतो, किंवा फॉर्म तांबडी ओळ दाखवून परत पाठवतो. मग समोरचा माणूस काय करतो? नाव रोमनमध्ये लिहितो आणि घरी जातो.

भाषा आणि लिपी यांवरून आपल्या या छोट्या राज्यात केवढा इतिहास घडला आहे. आंदोलने झाली, १९८७ साली राजभाषा कायदा आला, देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही त्यात जागा मिळाली. वाद अजून मिटलेले नाहीत. ते सगळे उघड्यावर, सभांत, विधानसभेत झाले. ३० बाइटांच्या रकान्याचा निर्णय मात्र कुठल्याच सभेत होत नाही. तो कुणी देवनागरीच्या द्वेषाने घेत नाही. लांबी म्हणजे काय हे आयते मिळाले होते, तेवढेच पुढे चालू राहिले.

आणि तो ळ? त्याचीही हकिगत अशीच साधी आहे. भारतीय लिप्या संगणकावर आणताना १९८८ साली इस्की नावाचे भारतीय मानक झाले. सगळ्या भारतीय लिप्यांना मिळून एकच आराखडा असावा, म्हणजे एका लिपीतला मजकूर दुसरीत सहज नेता येईल, हा त्यामागचा शहाणा हेतू. त्या आराखड्यात ळ ला ल च्या शेजारी बसवले गेले. पुढे युनिकोडने देवनागरीसाठी तीच मांडणी उचलली. प्रत्येक खुणेला एक क्रमांक आहे, आणि ळ चा क्रमांक व च्या आधीचा आहे. आयते सॉर्ट फक्त हे क्रमांक बघते. त्यामुळे कळंगुट वर जाते.

यावर प्रोग्रॅमर मंडळींचे एक म्हणणे असते, आणि ते वजनदार आहे. आयत्या सॉर्टला जगातली कुठलीच भाषा माहीत नसावी, हेच बरे. एकच यादी पणजीत एका क्रमाने आणि लिस्बनमध्ये दुसऱ्या क्रमाने लागली तर यंत्रांचे आपसातले व्यवहार कोलमडतील. क्रमांकांनुसार लावणे वेगवान आहे आणि सगळीकडे सारखे आहे. ज्याला मराठी क्रम हवा त्याने तो मागून घ्यावा. युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात भाषावार क्रमाचे नियम आहेत, त्यात मराठीचेही आहेत.

मला हे मान्य आहे. आयती सोय साधी असावी, तिने सगळ्यांचे सगळे करायला जाऊ नये. माझे म्हणणे एवढेच की साधी सोय म्हणजे निःपक्षपाती सोय नव्हे. रोमन लिपीतल्या माणसाला तिच्याकडून मागायचे फारसे काही उरत नाही. आपल्याला प्रत्येक वेळी मागावे लागते, आणि मागण्यासाठी आधी हे कळावे लागते की काहीतरी मागण्यासारखे आहे. म्हणून निर्णय घेणाऱ्यांकडून माझी अपेक्षा दोनच गोष्टींची आहे. एक, नाव प्रामाणिक असावे. बाइट मोजत असाल तर बाइट म्हणा, लांबी म्हणू नका. दोन, कारण लिहून ठेवा. लेन आणि सॉर्टची कारणे लिहिलेली आहेत म्हणून आज त्यांच्याशी वाद घालता येतो. जिथे कारणच नाही तिथे फक्त पाठांतर उरते. चांगल्या फाईलवरही नुसता निर्णय नसतो, टिपण असते. दहा वर्षांनी फाईल उघडणाऱ्याला साहेबांची सही नको असते, का सही केली ते हवे असते.

आणि अपेक्षा आपल्याकडूनही आहे. आपल्या पंचायती, वाचनालये, शाळा, पतसंस्था आता सगळ्याच प्रोग्रॅम करवून घेतात. करवून घेताना रंग कोणता आणि बोधचिन्ह कुठे यावर तासभर चर्चा होते. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. मराठी आणि कोकणी नावे कुठल्या क्रमाने लागतील? नावाच्या रकान्याची मर्यादा कशात मोजली आहे? पन्नास पैशांचे काय होते? यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. ज्याला आपली मुळाक्षरे येतात आणि हिशेबाची वही ठेवता येते, त्याला हे तिन्ही प्रश्न विचारता येतात. उत्तर काय मिळाले ते लेखी घ्यावे, आणि करारात घालावे.